उचल, दुष्काळ आणि प्रभूमधील आनंद

शास्त्रपाठ : हबक्कूक ३:१६–१९, नहेम्या ५:१–१३ व ८:९–१२, फिलिप्पै ४:१–१८

ख्रिस्ती माणसाने नित्य आनंदी असावे, अशी आज्ञा पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस केली. ती वाचून आपल्या खेड्यांतील कित्येक बंधुभगिनींच्या मनात एक शंका उभी राहते, परंतु ती ते उपदेशकाजवळ बोलून दाखवीत नाहीत. ज्याची कणगी भरलेली आहे व ज्याच्या डोक्यावर कोणाचे देणे नाही, त्याला ही आज्ञा ठीक आहे. परंतु ज्याने दसऱ्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतली, ती मुलीच्या लग्नात व मागल्या वर्षीच्या बाकीत संपवून टाकली, आणि आता घराला कुलूप लावून बायकोमुलांसह फडाची वाट धरली, त्याने नित्य आनंद कसा करावा? ही शंका अविश्वासाची आहे असे आम्हांस वाटत नाही. उलट, शास्त्र मनापासून वाचणाऱ्यालाच ती सुचते. म्हणून ह्या सप्ताहाच्या पाठात आम्ही तिलाच हात घालणार आहो.

आरंभी एक गोष्ट ध्यानात धरावी. आनंदाविषयी जे तीन उतारे वर दिले आहेत, त्यांपैकी एकही सुखवस्तू माणसाच्या सुखाच्या काळात लिहिला गेलेला नाही. हबक्कूक संदेष्टा खास्दी लोकांची स्वारी आपल्या देशावर येणार हे जाणून लिहीत होता. नहेम्याच्या दिवसांतील यरुशलेमेत भिंत नुकतीच उभी राहिली होती, आणि लोक कर्जात बुडालेले होते. पौल तर बंधनांत होता. त्या अवघ्या चार अध्यायांच्या पत्रात आनंद व आनंद करणे हे शब्द सुमारे सोळा वेळा येतात, आणि लिहिणाऱ्याला उद्या सुटका होईल की शिरच्छेद होईल हेही ठाऊक नव्हते. तेव्हा ही शिकवण माडीवरच्या माणसाची नव्हे.

प्रथम हबक्कूकाकडे वळू. त्याच्या पुस्तकाच्या शेवटी तो एक यादी करितो. अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षीला फळ धरले नाही, जैतुनाची आशा फसली, शेतांनी अन्न दिले नाही, मेंढवाड्यात मेंढरे उरली नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. ही सहा कलमे आहेत आणि त्यांत त्या देशातील शेतकऱ्याचे सारे घर आले. आपल्या बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसाने ही यादी आपल्या भाषेत करून पाहावी. सीताफळ करपले, कापसाची बोंडे गळाली, सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरला नाही, बाजरी-ज्वारीचा चाराही हाती आला नाही, शेळ्या विकून टाकल्या, आणि बैल चारा छावणीत नेऊन बांधले. ही यादी आम्ही कल्पनेने केलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात ह्याच जिल्ह्यातील लोक खडी फोडावयास व नालाबांधाच्या कामावर गेले, आणि सुकडी व परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन त्यांनी दिवस काढिले. ती पिढी अद्यापि आपल्यात आहे. पुढे २०१२-१३ व २०१५-१६ ही साले आली. २०१९ च्या उन्हाळ्यात आष्टी-पाटोद्याकडील कित्येक कुटुंबे गुरांबरोबर छावण्यांतच राहिली. मग २०२५ च्या सप्टेंबरात उलटेच झाले. अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. कोरडा दुष्काळ व ओला दुष्काळ हे दोन्ही शब्द आपल्या लेकरांना शाळेत जाण्यापूर्वीच कळतात.

आता हबक्कूक ह्या यादीनंतर म्हणतो की, असे जरी झाले तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. पुष्कळ उपदेशक येथूनच आरंभ करितात आणि येथेच थांबतात. आम्हांस हे मान्य नाही. कारण हे वचन तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस आहे आणि त्यापूर्वी दोन अध्याय भरून ह्या भक्ताने देवाकडे तक्रार केली आहे. पहिल्याच ओळीपासून तो विचारतो की, मी किती काळ हाक मारावी आणि तू ऐकू नयेस? देशात जुलूम चालला आहे, न्याय वाकडा झाला आहे, दुष्ट सज्जनाला गिळतो आहे, आणि तू पाहत राहतोस हे कसे? तो देवाशी इतका सलगीने भांडतो की आपल्यापैकी कोणी मंडळीत अशी प्रार्थना केली तर बाकीचे डोळे उघडून पाहतील. आणि त्या यादीच्या लगेच आधीच्या ओळीत तो सांगतो की, त्याचे अंग थरथर कापत होते, ओठ हलत होते आणि हाडांत जीव उरला नव्हता. ज्याचे पाय कापत आहेत तोच पुढल्या श्वासाला आनंदाचे नाव घेतो.

ह्यावरून हे उघड होते की, रडणे व गाऱ्हाणे सांगणे ही आनंदाची वैरिणे नव्हेत. मयताच्या घरी जाऊन, ख्रिस्ती माणसाने रडू नये, असे सांगणारे काही लोक आपल्यात आहेत. त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु त्यांनी हबक्कूक अर्धाच वाचला आहे. जो आपले गाऱ्हाणे देवाकडे नेतो तो देवाला सोडून गेलेला नसतो. जो गप्प बसतो व मनात कुढतो, त्याची आम्हांस अधिक काळजी वाटते. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या घरांत जे आत्मघात झाले आहेत, त्यांविषयी ज्यांनी विचार केला आहे त्यांस हे पटेल की, पुष्कळ वेळा तो माणूस आदल्या दिवसापर्यंत कोणाजवळ काही बोललेला नसतो. मंडळी ही जर गाऱ्हाणे ऐकावयाची जागा झाली नाही, तर ती आनंदाची जागाही होणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, हबक्कूकाने पीक येईल म्हणून आनंद केला नाही. पुढल्या वर्षी पाऊस चांगला होईल असे वचन त्याला मिळालेले नव्हते. आपल्याकडे आता काही फिरते उपदेशक येतात आणि विश्वास ठेवा म्हणजे कर्ज फिटेल, बोअरला पाणी लागेल, मुलाला नोकरी मिळेल असे सांगतात. देव ह्या गोष्टी देऊ शकतो ह्यात शंका नाही आणि त्या मागाव्यात हेही बरोबर आहे. परंतु जो आनंद बोअरच्या पाण्यावर उभा आहे तो बोअर आटताच आटेल. हबक्कूकाचा आनंद देवाच्या दानांवर नव्हे, देवावर टेकलेला होता, आणि म्हणून यादीतील सहाही कलमे गेली तरी तो राहिला. टिकाऊ आनंद व क्षणाचा हर्ष ह्यांतील भेद हाच आहे. पहिला पाऊस पडला म्हणजे जो हर्ष होतो तोही देवाचेच दान आहे, त्याला कमी लेखू नये. फक्त त्याच्यावर घर बांधू नये.

आता आम्ही ज्या भागाकडे अधिक वेळ देणार आहो तो नहेम्याचा आहे. आठव्या अध्यायातील प्रसंग पुष्कळांस ठाऊक आहे. लोक चौकात जमले, एज्राने सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले, लेव्यांनी अर्थ समजावून सांगितला, आणि लोक ऐकून रडू लागले. तेव्हा त्यांस सांगण्यात आले की, आज शोक करू नका, परमेश्वराच्या ठायी जो आनंद आहे तोच तुमचा आश्रयदुर्ग आहे. हे वाक्य आपल्याकडे घरांच्या भिंतींवर लाविलेले असते. परंतु त्याच श्वासात त्यांस आणखी एक आज्ञा झाली होती आणि ती भिंतीवर कोणी लावीत नाही. ती अशी की, ज्याच्या घरी काही शिजलेले नाही त्याला वाटा पाठवा. आणि बाराव्या वचनात असे आहे की, लोकांनी वाटे पाठविले आणि मग मोठा आनंद केला. आनंदाचा मार्ग शेजाऱ्याच्या चुलीवरून गेला.

आणि आठव्याच्या आधी पाचवा अध्याय आहे. तो काढून पाहा. त्यात गरीब लोक व त्यांच्या बायका मोठा आकांत करितात. काही म्हणतात, आमची मुले पुष्कळ आहेत, धान्य पाहिजे. काही म्हणतात, दुष्काळामुळे आम्ही शेते, मळे व घरे गहाण ठेविली. काही म्हणतात, राजाचा कर भरावयास कर्ज काढिले आणि आता आमची मुलेबाळे गुलामगिरीत चालली आहेत. ती सोडविण्याचे आमच्या हाती काही नाही, कारण शेते दुसऱ्यांची झाली. नहेम्याला फार राग आला. त्याने सावकारांस सर्वांसमोर उभे केले, व्याज सोडावयास लाविले, शेते-घरे त्याच दिवशी परत देण्याची शपथ घेवविली आणि आपला पदर झाडून दाखविला की, जो हा शब्द मोडील त्याला देव असाच झाडून टाको. हे सगळे झाल्यावर मग आठव्या अध्यायातील आनंदाचा दिवस उगवला. जो उपदेशक पाचवा अध्याय वगळून आठवा सांगतो तो भुकेल्याला ढोल वाजवून दाखवितो.

आपल्या जिल्ह्यात ह्या पाचव्या अध्यायाचे नाव उचल असे आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी कित्येक लाख माणसे ऊसतोडीला जातात; पश्चिम महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे ओस पडू लागतात आणि पाडव्याच्या पुढेमागे पुन्हा भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरिला जातो. हा हिशेबच असा आहे की, एकट्या पुरुषाला किंवा एकट्या बाईला उचल मिळणे कठीण. म्हणून मुलांची लग्ने लवकर लावण्याची गडबड होते. उचल आधी, काम मागून; जे फिटले नाही ते पुढल्या हंगामावर चढते. पहाटे तीन-चारला उठावे, अंधारात फडात शिरावे, ऊस तोडावा, पाचट काढावे, मोळ्या बांधाव्यात, त्या डोक्यावरून नेऊन गाडी भरावी, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावी. वाढे विकून मीठ-मिरची घ्यावी. एक दिवस काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात. ताप असो, पाळी असो, बाळंतपण असो, खाडा तो खाडाच. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली हे चांगले झाले, परंतु त्यासाठी मजुरांस संप करावा लागला होता, आणि उचलीची रीत तशीच राहिली.

आम्ही एक गोष्ट येथे संकोच बाजूस ठेवून लिहितो, कारण आपल्या बहिणींचा प्रश्न आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे असे आले की, बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकण्यात आले होते. त्यांत कित्येक ऐन तारुण्यातल्या होत्या. पोटात दुखते, अंगावरून जाते, खाडे पडतात. मग पिशवी काढून टाकली म्हणजे कटकट मिटली, असे तिला सांगितले गेले. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज, आणि त्या कर्जासाठी पुन्हा फड. ज्या बाईच्या देहाचा हिशेब असा खाड्यांवर झाला तिला, ताई, प्रभूमध्ये आनंद कर, असे म्हणावयाचे असेल तर त्यापूर्वी मंडळीने स्वतःस विचारावे की आम्ही तिच्यासाठी काय केले? तिला चांगल्या डॉक्टरकडे कोणी नेले होते काय? तिच्याबरोबर अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयापर्यंत कोणी गेले होते काय? दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे एवढे तरी तिला कोणी सांगितले होते काय? याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की, उघड्या व उपाशी माणसाला नुसते, सुखाने जा, म्हटले तर त्याचा काही उपयोग नाही. आनंदाविषयीही हाच न्याय आहे.

कोणी म्हणेल की, मुकादमाच्या व कारखान्याच्या व्यवहारापुढे आपल्या दहा-पंधरा घरांच्या मंडळीचे काय चालणार? नहेम्या राजाचा अधिकारी होता. हे खरे आहे. तथापि काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मंडळीतील ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याने आपल्याच भावाला शेकडा पाचाने पैसे देऊ नयेत; नहेम्याने ज्या व्याजाला धिक्कारिले ते शेकडा एक होते. लग्नातील मांडव, वाजंत्री व आहेर ह्यांचा खर्च मंडळीने एकमताने कमी करावा, म्हणजे उचलीचे मोठे कारण जाईल; एकट्याने कमी केला तर त्याला कंजूष म्हणतात, सर्वांनी केला तर रीत होते. बायांच्या बचत गटात ख्रिस्ती बहिणींनी मागे राहू नये. आणि ज्याला लिहिता येते त्याने निघण्यापूर्वी आपल्या शेजाऱ्याची उचल किती, कोणत्या अटीवर, हे वहीत लिहून द्यावे. निरक्षर माणसाच्या हिशेबात जी फसवणूक होते ती वहीच्या एका पानाने पुष्कळ थांबते. हे काम प्रार्थनेहून हलके आहे असे समजू नये.

मागे राहणाऱ्या मुलांचाही विचार येथेच करावा. मूल बरोबर नेले तर शाळा बुडते. ठेविले तर आजीच्या जिवावर. सरकारने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांकरिता संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढिली. आपल्या मंडळीतील लेकरांस तीत जागा मिळते की नाही हे पाळकाने स्वतः जाऊन पाहावे. जेथे सोय नाही तेथे राहिलेल्या घरांनी आलटून पालटून त्या आजीच्या अंगणात सायंकाळी दिवा लावून मुलांस अभ्यासाला बसवावे. वाटा पाठविणे म्हणजे दर वेळी ताटच पाठविणे असे नव्हे.

ह्या विषयात केडगावच्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या घरचे आहे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेकडील दुष्काळात त्यांनी आईबाप उपासमारीने गमाविले. त्या स्वतः भुकेल्या फिरल्या. पुढे प्रभूने त्यांस आपलेसे केल्यावर, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन परत आल्या. भूक पाहिलेल्या बाईने भुकेल्यांस वाटा दिला. मुक्तिसदनात जो भक्तीचा व गायनाचा उल्हास १९०५ साली उसळला, त्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण तो ज्या अंगणात उसळला तेथे दळण, विणकाम, शेती व छपाई ही कामे सकाळपासून चालत असत, हे कमी सांगितले जाते. अखेरची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यांस ऐकूही नीट येत नव्हते. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलात त्या प्रभूकडे गेल्या आणि ते शास्त्र १९२४ साली छापून बाहेर पडले. त्यांच्या मनात शोक नव्हता असे कोणी म्हणू नये. शोक होता, परंतु त्याच्या खाली काहीतरी होते जे हलले नाही.

आता पौलाकडे येऊ. फिलिप्पै येथे पौल व सीला ह्यांस छड्या मारून खोड्यात घातले होते आणि मध्यरात्री ते देवाचे स्तोत्र गात होते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. बाकीचे कैदी ऐकत होते अशी एक बारीक नोंद तेथे आहे. आपल्या देशात कष्टाबरोबर गाणे हे नवे नाही. जात्यावर ओव्या म्हणत आपल्या आज्यांनी पहाटे दळणे काढिली. नारायण वामन टिळक ह्यांनी हे फार चांगले ओळखिले होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्ती मंडळीला अभंग व कीर्तन ह्यांची वाट दाखविली, कारण विलायती चालीचे गीत मोळी बांधताना म्हणता येत नाही आणि अभंग म्हणता येतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी ओढगस्तीच्या दिवसांतही हसावयाचे कसे हे स्मृतिचित्रांत दाखविले आहे. जो मनुष्य स्वतःच्या फजितीवर हसू शकतो त्याच्यावर दारिद्र्याला पुरती सत्ता चालविता येत नाही, असे आमचे मत आहे. आपल्या उपासनेत हसण्याला जागा फार थोडी ठेविली आहे. ती थोडी वाढविली तर देवाचा अपमान होणार नाही.

फिलिप्पैच्या पत्रातील चौथा अध्याय उघडा आणि नित्य आनंदाची आज्ञा कोणत्या वचनात आहे ते पाहा. ती चौथ्या वचनात आहे. दुसऱ्या व तिसऱ्यात काय आहे? युवदीया व सुंतुखे ह्या दोन बहिणींचे भांडण. दोघीही सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर झटलेल्या होत्या आणि दोघींचे पटत नव्हते. पौल दोघींना निरनिराळी विनंती करितो, तिसऱ्याला सांगतो की ह्यांना मदत कर, आणि मग आनंदाची आज्ञा देतो. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, लहान मंडळ्यांतील आनंद दुष्काळाने मरत नाही. दुष्काळात तर लोक जवळ येतात. तो मरतो घरांच्या हद्दीवरून, नळाच्या पाळीवरून, नाताळाच्या वर्गणीच्या हिशेबावरून आणि कोणाच्या सुनेने कोणाला काय म्हटले ह्यावरून. हंगामाला जाण्यापूर्वी जेथे दोन घरांचे बोलणे बंद आहे तेथे वडील मंडळींनी मध्ये पडावे. सहा महिने दूर राहिल्याने अबोला विरत नाही, तो मुरतो.

त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनापासून पौल सांगतो की, कोणत्याही स्थितीत संतुष्ट राहावयास मी शिकलो आहे. विपुलता कशी सोसावी आणि उणीव कशी सोसावी हे मला ठाऊक झाले आहे. शिकलो हा शब्द महत्त्वाचा आहे. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूचे दर्शन एका क्षणात झाले, पण संतोष एका क्षणात आला नाही. जो आज उदास आहे त्याने आपला विश्वासच खोटा, असे समजू नये. तो शाळेत आहे. आणखी हेही पाहा की, पौल ही गोष्ट स्वतःविषयी बोलतो. फिलिप्पैकरांनी त्याला एपफ्रदीताच्या हाती मदत पाठविली, तेव्हा, मी संतुष्ट आहे, तुम्ही कशाला पाठविले, असे तो म्हणत नाही. त्यांनी त्याच्या संकटात भाग घेतला हे चांगले केले असे तो म्हणतो. संतुष्ट राहा हे वाक्य माणसाने स्वतःला सांगितले तर तो विश्वास आहे. मजुराला त्याच्या मालकाने सांगितले तर ती लबाडी आहे. ज्याची मजुरी थकली आहे त्याने ती मागावी आणि संतुष्टही असावे. ह्या दोहोंत विरोध नाही.

एका खोट्या आनंदाविषयी थोडेसे. हंगाम संपून हिशेब होतो त्या रात्री कारखान्याच्या परिसरात दारू किती विकली जाते हे सर्वांस माहीत आहे. सहा महिन्यांच्या शिणाला मनुष्य विसावा शोधतो, हे आम्ही समजतो. परंतु त्या रात्रीचे पैसे ज्या बाईने मोळ्या वाहिल्या तिचेही आहेत. एका कोयत्याचे दोन हात आहेत, मग त्याच्या कमाईला एकच खिसा का असावा? पैसे दोघांच्या समक्ष मोजावेत व दोघांच्या समक्ष ठेवावेत.

आता फडावर गेलेल्यांसाठी. तेथे रविवार नसतो. गाडी आली की भरावी लागते, मग तो प्रभूचा दिवस असो वा दुसरा. ह्याबद्दल मनात अपराध बाळगू नये. जेथे दोन ख्रिस्ती कुटुंबे एका टोळीत आहेत तेथे आठवड्यातून ज्या रात्री गाडी लवकर भरून निघेल त्या रात्री कोपीपुढे बसावे, एक भजन म्हणावे, एकाने शास्त्राचा लहान भाग वाचावा किंवा पाठ असेल तो म्हणावा, आणि शेजारच्या कोपीतले कोणी येऊन बसले तर त्यांस चहा द्यावा. पहाटे उठल्यावर कोयता हाती घेण्यापूर्वी एक वचन मनात धरावे. एक पुरे आहे; अर्धा अध्याय वाचून विसरण्यापेक्षा एक वचन दिवसभर चघळणे बरे. मोबाइल सर्वांजवळ आहे; त्यावर निरर्थक चित्रे पाहण्यात जो वेळ जातो त्यातील थोडा गावी राहिलेल्या आईशी व लेकरांशी बोलण्यात घालवावा. आणि गावी राहिलेल्यांनी गेलेल्यांची नावे एका कागदावर लिहून उपासनेच्या जागी लावावीत व दर रविवारी ती नावे घेऊन प्रार्थना करावी. सर्व मजुरांसाठी, अशी मोघम प्रार्थना करू नये. नाव घेतले म्हणजे तो माणूस आठवतो, आणि आठवला म्हणजे त्याच्या घराचे छप्पर गळते हेही आठवते.

नाताळ ऐन हंगामात येतो. गावच्या मंदिरात त्या दिवशी म्हातारे, लहान मुले व एखाद-दुसरे नोकरदार कुटुंब एवढेच असतात, आणि पुष्कळांस वाटते की आमचा सण हुकला. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे की, मोठ्या आनंदाची वार्ता प्रथम ज्यांस सांगण्यात आली ते त्या रात्री घरी नव्हते. ते रानात कळप राखीत होते आणि त्यांस खाडा धरता येत नव्हता. यरुशलेमेतील मंदिरात जे होते त्यांस ती वार्ता प्रथम सांगण्यात आली नाही. म्हणून आम्ही पाळकांस असे सुचवितो की, ज्यांस शक्य असेल त्यांनी ह्या वर्षी २५ डिसेंबरच्या आधी किंवा नंतर एक रात्र काढून आपल्या मंडळीतील टोळी जेथे उतरली आहे तेथे जावे. बरोबर थोडा गूळ-शेंगदाण्याचा खाऊ, मुलांसाठी गरम कपडे आणि ज्यांच्याजवळ नाही त्यांच्यासाठी लहान नवा करार घ्यावा. भाषण मोठे करू नये. माणसे थकलेली असतात आणि पहाटे तीनला उठावयाचे असते. लूक २:८–२० एवढेच सावकाश व मोठ्याने वाचावे, म्हणजे ज्यांस वाचता येत नाही त्यांसही ऐकू जाईल, आणि मग मोळ्या बांधणाऱ्या बायांपैकी कोणी एक भजन सुरू करील तर तिच्या चालीने सर्वांनी म्हणावे.